बहात्तरावं नाव

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर चालणाऱ्या एका दिंडीत बहात्तर माणसं होती. रथापुढं मानाच्या सत्तावीस दिंड्या असतात, त्यातली ही नव्हे. ही रथामागची, साधी. पताकावाले, टाळकरी, एक पखवाजी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, मधोमध विणेकरी बुवा, आणि पुढच्या मुक्कामाला राहुट्या ठोकायला पहाटेच निघणारा सामानाचा ट्रक. ट्रकातली कोठी नानांच्या ताब्यात.

नाना एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. साधा नट-बोल्टसुद्धा त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. निवृत्तीनंतर दिंडीनं कोठी त्यांच्या हवाली केली आणि खरं सांगायचं तर कारभार सुधारला. डाळ शेवटच्या मुक्कामापर्यंत पुरू लागली, तांदूळ उरू लागला.

हिशेबाच्या वहीखाली नानांची आणखी एक वही असे, निळ्या पुठ्ठ्याची. ती त्यांना कुणी ठेवायला सांगितली नव्हती. तिच्यात माणसांच्या नोंदी. सासवडच्या मुक्कामात: ‘उंच टाळकरी – दिवे घाट चुकवून ट्रकात बसून आला. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत.’ जेजुरीत: ‘पखवाजी – चहा दोनदा.’ लोणंदला: ‘लातूरची मावशी – टँकरवर बादली घेऊन मधेच घुसली.’ फलटणला: ‘आचारी – पिठल्यात तेल वाढवलं, मला न विचारता. आचाऱ्याचा पोरगा – गूळ. तिसऱ्यांदा.’

वारीत जो तो दुसऱ्याला माउली म्हणतो आणि समोरच्याच्या पायावर डोकं ठेवतो. वय, जात, पैसा कशाचाच विचार नाही. नानाही ठेवत. दिवसा ज्याच्या पाया पडायचं, रात्री त्याचंच नाव वहीत लिहायचं, यात त्यांना काही वावगं वाटत नसे. पाया पडणं ही रीत आणि वही हे काम.

बरडहून नातेपुत्याला येताना ती वही ट्रकातून पडली.

मुक्कामाच्या तळावर रोज संध्याकाळी समाज आरती होते. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो. 1832 साली हैबतरावबाबा आरफळकरांनी हा पालखी सोहळा सुरू केला. ते शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार, त्यामुळे लष्करी शिस्त त्यात मुरलेली आहे. तक्रार मांडायला इतकी चोख जागा भल्याभल्या कचेऱ्यांत नाही. त्याच वेळी हरवल्या-सापडल्याचंही पुकारतात: चष्मा, पाकीट, पिशवी, कधी एखादी म्हातारी.

त्या दिवशी पुकारलं, “निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली आहे. आत दिंडीतल्या माणसांबद्दल लिहिलेलं आहे, मालकाचं नाव नाही. खूण पटवून घेऊन जावी.”

नानांच्या घशाला कोरड पडली. खूण पटवायची म्हणजे आत काय लिहिलंय ते चारचौघांत सांगायचं. ते जागचे हलले नाहीत.

वहीच्या एका पानावर ट्रकाचा नंबर होता. त्यावरून ती रात्री विणेकरी बुवांकडे आली. जेवणं उरकली होती, माणसं राहुटीत टेकली होती. चालत्या ट्रकात खरडल्यामुळे अक्षर कुणाचं ते कळेना. बुवांनी चष्मा लावून पानं उलटली, मधेच हसले. “माझ्याबद्दलही आहे. ‘विणेकरी बुवा – कीर्तनाची वेळ बदलली, मला न कळवता.’ बाकीच्यांचं वाचत नाही. ज्याची वही असेल त्यानं न्यावी.”

कोपऱ्यात पायाला तेल चोळत बसलेल्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, “कुणाकुणाची नावं हायती त्यात?”

बुवांनी नावं मोजली. “एकाहत्तर.”

“आन् आपण बहात्तर. मग ज्याचं न्हाई त्याची आसंल की.”

कुणी काही बोललं नाही. नानांकडे कुणी पाहिलंही नाही. माणसं घाईघाईनं वळकट्या सोडू लागली.

सगळे निजल्यावर बुवा ट्रकापाशी आले आणि वही नानांच्या मांडीवर ठेवली. नाना उसळलेच. “बुवा, यात एक अक्षर खोटं नाही. पोरगा गूळ खातो म्हणजे खातो.”

“खोटं कोण म्हणतंय? मी चांगली दोन वेळा वाचली. नावं एकाहत्तर आहेत, पण माहिती सगळी एकाच माणसाची आहे. तो माणूस कोण, ते तुम्हीच बघा.”

कीर्तनात धर्मराज-दुर्योधनाची एक गोष्ट हमखास रंगवून सांगतात. दोघांना म्हणे नगरात पाठवलं. धर्मराजाला एकही वाईट माणूस सापडला नाही आणि दुर्योधनाला एकही चांगला. गोष्ट ऐकायला बरी आहे, पण तिचा एक तोटा आहे. ऐकणारा प्रत्येक जण स्वतःला धर्मराज समजून घरी जातो. नाना काही दुर्योधन नव्हते. त्यांच्या नोंदी खऱ्या होत्या, म्हणूनच त्या नोंदींत त्यांना स्वतःला ओळखणं जड गेलं. खोट्या असत्या तर एका रात्रीत सुटका झाली असती.

दुसऱ्या दिवशी वाटेत सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. अश्व धावले, माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावली. माळशिरसच्या तळावर नाना पेन्सिल घेऊन वहीला बसले. माल तपासायची जुनी सवय. त्यांनी नोंदींची वर्गवारी केली. कुणी जास्त खाल्लं, कुणी पुढं घुसलं, हे होतंच. पण पानामागून पान एकच शेरा येत होता: मला न विचारता, मला न सांगता, मला न कळवता. तेल, वेळ, राहुटीची जागा, ट्रकाचा रस्ता, काहीही असो. जिथं हे शब्द नव्हते तिथंही राग तोच होता. लातूरच्या मावशीनं रांग मोडली यापेक्षा ‘नाना, घेऊ का?’ म्हटलं नाही, हे त्यांना झोंबलं होतं. चहा दोनदा घेणाऱ्या पखवाज्याला त्यांनी टिपलं होतं, आणि त्यांचा स्वतःचा पहिला, सायीचा कप रोज बाजूला काढलेला असे. तो कुठल्याच वहीत नव्हता.

मग त्यांना घर आठवलं. निवृत्तीनंतर मुलानं स्वयंपाकघराच्या फरशा बदलल्या. नानांना कळलं ते गवंडी दारात उभा राहिल्यावर. कारखान्यात तीस वर्षं ज्याला विचारल्याशिवाय पान हललं नाही, त्याला घरात कुणी विचारेना. तो सल ते आळंदीहून बरोबर घेऊन निघाले होते आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाच्या नावावर मांडत होते.

वेळापूरच्या मुक्कामात ते आजीजवळ जाऊन बसले. “आजी, तुला लिहिता येत असतं तर तू काय लिहिलं असतंस?”

“म्या?” आजी बोटांवर मोजू लागली. “टाळकऱ्याच्या टाचंला फोड आलाय, पू झालाय. लातूरच्या बाईची लेक बाळंतपणाला आलीया, तिचा जीव तिकडं. पखवाज्याला रातीला झोप न्हाई.”

“तुला कसं कळलं?”

“इचारलं की.”

नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आणि माझं?”

“तुमास्नी कुणी इचारत न्हाई आसं तुमचं म्हणणं. बरं. पर तुमी कुणाला काय इचारलंय?”

नाना उठले ते तडक गूळचोराकडे. पोरगा भांडी घासत होता. गूळ का खातोस, असं नानांनी त्याला पहिल्यांदाच विचारलं. त्यांना वाटलं, काही दुःखाची कहाणी निघेल. पोरगा म्हणाला, “आवडतो.” नानांना हसू आवरेना. त्यांनी त्याला एक खडा दिला आणि ढेपेला हात लावायचा नाही म्हणून दम भरला. कोठी ही कोठीच.

वाखरीला वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी बहात्तरावं नाव घातलं. पुढं लिहिलं, ‘पिठल्याचं माप ठरवलं, आचाऱ्याला न विचारता.’

पहाटे ट्रक निघण्याआधी ते चुलाणापाशी गेले. आचारी वाकून जाळ घालत होता.

“आज काय करायचं म्हणतोस?” नानांनी विचारलं.

आचाऱ्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. “का नाना? काय चुकलं माझं?”