टॉगल परत मागे येतं तेव्हा



आजचं वाचन : गीता, अध्याय २, श्लोक २ ते १०, आणि ज्ञानेश्वरीतला तोच भाग. नऊच श्लोक आहेत. पुस्तक हाताशी असेल तर आधी ते वाचून घ्या, मग इकडे या.

या नऊ श्लोकांतली एक गोष्ट आपण नेहमी पटकन ओलांडून जातो. पहिल्या अध्यायात भगवंत जवळजवळ बोलतच नाहीत. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये नेऊन उभा करतात, समोर जमलेले कौरव बघ म्हणतात, संपलं. त्यांचं पहिलं खरं बोलणं येतं दुसऱ्या अध्यायात, श्लोक २ आणि ३ मध्ये. आशय साधारण असा : ही मरगळ तुला भलत्या वेळी कुठून आली, तुझ्यासारख्याला हे शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ.

आणि अर्जुन उठत नाही.

असं लिहिताना जरा जीभ अडखळते, पण मजकूर तेच सांगतो. साक्षात भगवंतांनी 'ऊठ' म्हटलं आणि भक्त उठला नाही. उलट त्याने पाच श्लोकांत आपलं म्हणणं आणखी नेटाने मांडलं. मी तुझा शिष्य आहे, मला शिकव, असंही म्हणाला (श्लोक ७), आणि दोन श्लोकांनी सांगून मोकळा झाला की मी लढणार नाही. मग गप्प बसला.

आता थोडं माझ्या धंद्यातलं.

फोनचं वायफाय 'चालत नाही' असं लोक म्हणतात तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात. एक, वायफाय चालू आहे, जोडलंही गेलंय, पण नेट येत नाही. तेव्हा फोनला हात लावू नका, राउटर बघा. दोन, वायफाय चालू होतं, आजूबाजूची नावं दिसतात, पण आपल्याच नेटवर्कला जोडलं जात नाही. बहुतेक वेळा पासवर्डची भानगड असते. आणि तिसरा आजार सगळ्यात वेगळा : वायफाय चालूच होत नाही. टॉगल दाबलं की क्षणभर पुढे सरकतं आणि आपोआप मागे येतं. किंवा पहिल्यापासून करडं पडलेलं असतं, दाबताच येत नाही.

या तिसऱ्या आजारात माणूस काय करतो हे मी ऑफिसात, घरात, ट्रेनमध्ये इतक्यांदा पाहिलंय. तो टॉगल पुन्हा दाबतो. मग जरा जोरात दाबतो. मग पटापट पाच-सहा वेळा दाबतो. काचेवर जोर लावून काय होणार? टॉगल हे फक्त चित्र आहे. ते दाबल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम खालच्या ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर वायफायच्या चिपला जागं करतो, चिप आपलं फर्मवेअर लोड करून 'मी तयार आहे' असं उत्तर पाठवते, आणि मग कुठे ते चित्र पुढे राहतं. उत्तर आलं नाही की सिस्टिम टॉगल मागे घेते. म्हणजे मागे येणारं टॉगल खोटं बोलत नाहीये. खालून उत्तर येत नाही, एवढंच ते प्रामाणिकपणे दाखवतंय.

साधनेबद्दल आपण बोलतो तेव्हासुद्धा 'मन लागत नाही' या एका वाक्यात असेच वेगवेगळे आजार कोंबतो. जपाला बसलो, माळ हातात आहे, पण मन ऑफिसच्या मीटिंगमध्ये, हा एक आजार. त्याचा इलाज सहाव्या अध्यायात आहे. तिथे अर्जुनच तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही (श्लोक ३४), आणि भगवंत पुढच्याच श्लोकात अभ्यास आणि वैराग्य सांगतात. त्याआधी श्लोक २६ मध्ये तर अगदी साधी कृती दिली आहे : मन जिथे जिथे पळेल तिथून तिथून परत आण. ज्याचं वायफाय चालू आहे आणि सिग्नल तुटतोय, त्याच्यासाठी हे बरोबर आहे.

पण दुसऱ्या अध्यायातला अर्जुन तो नाही. हा बसलेलाच आहे. पहिल्या अध्यायात त्याने स्वतःची अवस्था कशी सांगितली आहे ते परत काढून बघा (श्लोक २८ ते ३०). अवयव गळाले, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, रोमांच उभे राहिले, हातातून गांडीव निसटतंय, त्वचेची आग होतेय, उभं राहवत नाही, डोकं गरगरतंय. माझ्या टीममधला कुणी इतका नीटस बग रिपोर्ट लिहील तर मी त्याला चहा पाजेन. एकही लक्षण गोल-गोल नाही. आणि या माणसाला भगवंत 'अभ्यास कर' म्हणत नाहीत. एकाच अर्जुनाला, एकाच रणांगणावर, दोन अवस्थांत दोन वेगळी औषधं आहेत.

हे आज लिहायचं कारण सांगतो. आमच्या शनिवारच्या वाचनाला एक मुलगा येतो. चोवीसेक वर्षांचा, मराठवाड्यातून पुण्यात नोकरीला आलेला. या वर्षी त्याचे वडील गेले. घरात रोज संध्याकाळी हरिपाठ व्हायचा, वडील म्हणायचे आणि हा मागे म्हणायचा. आता हा म्हणायला बसला की पहिल्या अभंगालाच गळा बंद होतो. "दादा, मन भटकत नाही हो. सुरूच होत नाही," असं तो मला म्हणाला. त्यावर नातेवाइकांनी त्याला काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. नाम घे. नामात सगळं आहे. तू नीट बसत नाहीस. वडिलांना बरं वाटेल का हे?

नामात सगळं आहे हे मीही मानतो, काही जणांना पुढचं वाक्य खटकलं तरी चालेल. ज्याचा गळा नाम घेताना बंद होतोय त्याला दहाव्यांदा 'नाम घे' सांगणं म्हणजे काचेवर आणखी जोरात बोट दाबणं आहे.

योगायोग असा की तो त्या शनिवारी वडिलांचा फोन घेऊन आला होता. त्याचंही वायफाय चालू होत नव्हतं. सिम बंद झालेलं, त्यामुळे मोबाइल डेटा नाही. आत वडिलांच्या आवाजातला हरिपाठ होता, कुठल्याशा अधिक महिन्यात रोज थोडा थोडा रेकॉर्ड केलेला. क्लाउडवर काहीच नव्हतं. दुकानात दाखवला तेव्हा उत्तर मिळालं होतं, "रीसेट मारून देतो, होईल."

नशीब की तो फोन उचलून परत आला. इथे मी जरा थांबून सांगतो, कारण उद्या तुमच्यावरही ही वेळ येईल. वायफाय चालू होत नसेल तर सगळ्यात पहिलं काम दुरुस्तीचं नाही. जे जपायचं आहे ते आधी बाहेर काढायचं. केबल लावा, लॅपटॉपवर फाइली उतरवून घ्या. केबलला वायफाय लागत नाही. आम्ही तेच केलं. त्यानंतरच फोनकडे वळलो, तेही हलक्या उपायाकडून जड उपायाकडे. फ्लाइट मोड चालू-बंद. हॉटस्पॉट चुकून चालू राहिलाय का ते पाहिलं, कारण कित्येक फोनमध्ये हॉटस्पॉट चालू असला की वायफाय बंद होतं. मग रीस्टार्ट, म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअर नव्याने लोड होतात. मग सेफ मोड, एखादं बाहेरचं अ‍ॅप आडवं येत असेल तर ते तिथे कळतं. मग नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, फोटो आणि रेकॉर्डिंग जात नाहीत. लोक या रीसेटला आणि फॅक्टरी रीसेटला एकच समजतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फॅक्टरी रीसेट सगळं पुसून टाकतो.

काहीच लागू पडलं नाही. शेवटी सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत गेलो. तिथे वायफायचा मॅक अ‍ॅड्रेस लिहिलेला असतो, चिपचा स्वतःचा ओळखक्रमांक. त्या जागी 'उपलब्ध नाही' असं होतं. काही फोनमध्ये अशा वेळी ०२ आणि पुढे नुसती शून्यं दिसतात. ब्लूटूथही चालू होत नव्हतं, आणि वायफाय-ब्लूटूथ बऱ्याचदा एकाच चिपवर असतात. दोन्ही एकदम गप्प असतील तर बिघाड सेटिंगमध्ये नसतो. फोन पडल्यामुळे किंवा तापल्यामुळे चिपचं सोल्डर सुटलेलं असू शकतं, चिपच गेलेली असू शकते. अशा फोनला शंभर वेळा फॅक्टरी रीसेट मारला असता तरी वायफाय आलं नसतं. गेला असता तो फक्त वडिलांचा आवाज.

(हेअर ड्रायरने फोन तापवायचा जुगाड इंटरनेटवर फिरत असतो. करू नका. तात्पुरतं चालू झालंच तरी आतली बॅटरी तापवणं धोक्याचं आहे.)

आता परत श्लोक १० वर या. अर्जुन गप्प बसला आहे. भगवंत पुन्हा 'ऊठ' म्हणत नाहीत, आवाज चढवत नाहीत. संजय सांगतो की दोन्ही सैन्यांच्या मध्ये खचून बसलेल्या अर्जुनाशी ते जणू हसत बोलू लागले. त्या गप्प बसण्याच्या आणि हसण्याच्या मधल्या फटीत काय घडलं, ते गीता सांगत नाही. ज्ञानेश्वर माउली सांगतात. माउली आपल्याला थेट श्रीकृष्णाच्या मनात नेतात. तिथे देव विचारात पडलेले आहेत : याने हे काय आरंभलंय, याला काही उमजत नाहीये, आता याला कसं समजवावं, हा धीर कशाने धरेल? आणि उपमा दिल्या आहेत त्या बघा. एक, भूत उतरवणारा मांत्रिक आधी कोणतं भूत आहे ते अजमावतो. दुसरी वैद्याची. रोग आटोक्याबाहेर गेलाय हे पाहून वैद्य निदान करतो आणि अमृतासारखं औषध योजतो. सातशे वर्षांपूर्वी नेवाशात बसून माउलींनी देवाला आधी निदान करायला लावलं आहे, मग बोलायला!

मला ही जागा फार मोलाची वाटते. देव सर्वज्ञ आहेत, त्यांना कसलं अजमावणं आणि कसलं निदान? तरी माउली त्यांना भक्तासाठी थांबवतात. त्याच्या पुढे आईच्या रागाची उपमा येते : वरून राग दिसतो, आत माया दडलेली असते, जसा औषधाच्या कडूपणात गुण. म्हणजे श्लोक २-३ मधलं रागावणंही मायेचंच होतं. पण ते तिथेच रेटत राहिले नाहीत, हे महत्त्वाचं. एकदा सांगून पाहिलं, टॉगल मागे आलं, मग ते खालच्या थरात उतरले. श्लोक ११ पासून जे सुरू होतं ते सरळ आत्म्याबद्दल आहे, मरणाबद्दल आहे. लढाईची गोष्ट बरीच नंतर येते. कारण अर्जुनाचं दुखणं तिथे होतं, माणसं मरणार या दुःखात. श्लोक ८ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं होतं की इंद्रियांना सुकवून टाकणारा हा शोक पृथ्वीचंच काय, देवांचंही राज्य मिळालं तरी जाणार नाही.

आपण मात्र आपल्या बाबतीत उलटं करतो. साधना बंद पडली की दोन टोकं. एक तर टॉगल दाबत राहायचं आणि स्वतःला शिव्या द्यायच्या. नाहीतर थेट फॅक्टरी रीसेट : सोमवारपासून पहाटे चारला उठणार, फोनमधून सगळं काढून टाकणार, जुनी मित्रमंडळी सोडणार, नवा माणूस होणार. बुधवारपर्यंत तो नवा माणूस झोपलेला असतो. सहाव्या अध्यायात श्लोक २५ मध्ये भगवंत मन शांत करायला सांगतात तेव्हा 'हळूहळू' हा शब्द दोनदा वापरतात. झोप होते का, जेवण वेळेवर आहे का, कुणाशी भांडण उरात साठलंय का, हे फ्लाइट मोड आणि रीस्टार्टच्या पातळीचे प्रश्न आहेत. त्याच सहाव्या अध्यायात, श्लोक १६ आणि १७ मध्ये, खाणं-झोपणं बेताचं हवं असं सरळ लिहिलंय. ते आधी विचारा. रीसेट नंतर.

आणि काही वेळा बिघाड सेटिंगमध्ये नसतोच. महिनोन्‌महिने झोप नाही, भूक नाही, कशातच रस नाही, जगावंसं वाटत नाही, अशा वेळी डॉक्टरकडे जाणं, समुपदेशकाकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. ज्याला फोन उघडता येतो त्याच्या हातात फोन द्यावा लागतो. देवाला वैद्याची उपमा द्यायला माउलींना संकोच वाटला नाही, मग आपल्याला वैद्याची पायरी चढायला का वाटावा? 'पारायण कर, बरं वाटेल' असं अशा माणसाला सांगणाऱ्यांनी श्लोक ३ नंतर श्लोक १० पर्यंत वाचायची तसदी घ्यावी.

त्या मुलाच्या वडिलांच्या फोनचं वायफाय आलं नाही. चिपच्या कामाला जेवढे पैसे लागतील तेवढ्याची त्या जुन्या फोनची किंमतही नव्हती, म्हणून तो त्याने तसाच ठेवला. रेकॉर्डिंग आता त्याच्याकडे, त्याच्या बहिणीकडे आणि एका हार्ड डिस्कवर, अशा तीन ठिकाणी आहेत. तो ऑफिसच्या समुपदेशकाकडे जातोय. हरिपाठ अजून म्हणत नाही. संध्याकाळी एक फाइल लावतो आणि ऐकतो. कधी कधी मधेच बंद करतो. मी त्याला म्हणायचा आग्रह केलेला नाही, तुम्हीही कुणाला करू नका. ऐकणं ही नवविधा भक्तीतली पहिली भक्ती आहे, कीर्तन दुसरी.

उद्या श्लोक ११ ते १३. ज्यांच्याकडे सार्थ ज्ञानेश्वरी आहे त्यांनी ती जवळ ठेवा, ओव्या बऱ्याच आहेत, दोन दिवस लागतील.

रामकृष्ण हरी.