भीमेच्या खोऱ्यातील वनरक्षणाचा विचार

जंगल राखायचे म्हटले की तीन प्रश्न उभे राहतात: काय राखायचे, कशासाठी राखायचे आणि तोडीचा निर्णय कोणी घ्यायचा. भीमा नदीच्या खोऱ्यात या प्रश्नांची उत्तरे काळागणिक बदलत गेली. भीमाशंकरच्या सदाहरित रानात, तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ही नदी उगम पावते. तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते आणि वढू बुद्रुकवरून ती शिरूर-दौंडच्या पर्जन्यछायेतल्या माळाकडे वळते. एकाच नदीकाठी दाट झाडी आणि उघडे गवताळ रान अशी दोन्ही टोके असल्यामुळे वनविचाराचा प्रवास येथे सलग पाहता येतो.

या विचाराचे सर्वांत जुने रूप म्हणजे देवराई. आहुपे आणि भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी वस्त्यांनी देवाच्या नावाने राने राखली. तेथे कुऱ्हाड लावायची नाही, अनेक ठिकाणी पडलेले लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. आसपासचे डोंगर बोडके झाले तरी या छोट्या तुकड्यांत मूळ वनस्पती टिकून असल्याचे त्यातून पुढे आले. श्रद्धेने राखलेल्या या रानांमुळे गावाचे झरेही टिकले. मात्र श्रद्धेची हद्द देवराईच्या कडेशी संपत होती.

मराठ्यांच्या राज्यव्यवहारातील दृष्टी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दिसते. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे हे सांगितले आहे. साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. झाडामागे माणसाचे कष्ट असतात आणि सत्तेनेही त्याची संमती घ्यावी, हा यातला मोलाचा विचार आहे. रानटी प्राण्यांचा प्रश्न तेव्हा पुढे आलेला नव्हता.

इंग्रजी अमलात जहाजे, रेल्वेचे स्लीपर आणि जळण यांसाठी तोड वाढली. पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की ओढे आटतात, हा इशारा त्यांनी दिला. वनरक्षणाचा संबंध पाण्याशी जोडला गेला तो येथे. पण १८७८ च्या वन कायद्याने राखीव वने सरकारच्या ताब्यात गेली आणि चराई-सरपणावर निर्बंध आले. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने डोंगर आणि गायराने घेतल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरे उपाशी पडली, असा आरोप केला. निर्णयाचा हक्क गावाकडून सुटला होता.

स्वातंत्र्यानंतरही जंगल हे प्रामुख्याने लाकडाचे कोठारच मानले गेले. राष्ट्रीय कृषी आयोगाने मिश्र जंगलाची सरसकट तोड करून जलद वाढणारी, किमती झाडे लावण्याची शिफारस केली. १९७४ मध्ये महाराष्ट्रात वन विकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र रानांच्या जागी सागाच्या लागवडी उभ्या राहिल्या. झाडांची संख्या भरून निघाली, तरी फळझाडे, वेली, ढोली आणि त्यांवर जगणारे जीव परत आले नाहीत. याच काळात विचाराला दुसरे वळणही लागले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि १९८५ मध्ये घोषित झालेले भीमाशंकर अभयारण्य ही त्याची चिन्हे आहेत. या अभयारण्यातला शेकरू जमिनीवर फारसा न उतरता फांद्याफांद्यांवरून फिरतो. मधली झाडे तुटली तर त्याची वाटच खुंटते. १९८८ च्या वन धोरणाने पर्यावरणाचा समतोल आधी आणि उत्पन्न नंतर, असा क्रम ठरवला.

शिरूर-दौंडच्या माळाला या विचारात उशिरा जागा मिळाली. झाडे नाहीत म्हणून ही जमीन पडीक समजली गेली. प्रत्यक्षात कुसळी, मारवेल, पवन्या अशा गवतांत लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, धाविक आणि चंडोल राहतात. धनगरांच्या मेंढ्याही याच गवतावर जगतात. अशाच माळरानासाठी १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ घोषित झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे सुमारे ५ चौरस किलोमीटरचे आहे. अशा रानाला कुऱ्हाडीपेक्षा नांगर, प्लॉट, खडीच्या खाणी यांचा धोका मोठा असतो. चांगल्या हेतूने केलेले वृक्षारोपणही येथे घातक ठरते: चर खणून गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावलीत गवत मरते आणि उघड्यावर जगणारे प्राणी हटतात.

याच खोऱ्यात धरणे आणि कालव्यांमुळे ऊस पसरला आणि बिबट्याने त्यात आसरा घेतला. शिरूर तालुका ज्यात येतो त्या जुन्नर वनविभागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर हल्ले कमी न होता वाढले, असे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले. माणसे गमावलेल्या गावांचे दुःख मोठे आहे. म्हणूनच वन्यजीवरक्षणात शेतात राबणाऱ्याची सुरक्षितता आणि वेळेवर भरपाई यांना पहिले स्थान हवे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मान्य करून निर्णयाचा काही वाटा पुन्हा ग्रामसभेकडे दिला. देवराईतील गावाची शिस्त, आज्ञापत्रातील संमती, गिब्सन यांचे पाण्याचे भान आणि आजचे जीवशास्त्र यांना एकत्र आणण्याची संधी त्यात आहे. त्यासाठी माळरानाची पडीक ही नोंद बदलणे, लागवडीआधी तिथले गवत आणि प्राणी पाहणे आणि चराईचे नियम मेंढपाळांसह ठरवणे आवश्यक आहे. डोंगरावरचे जंगल आणि खालचे गवत ही एकाच खोऱ्याची संपत्ती आहे. दोन्ही राखली तरच वनरक्षणाचा विचार पूर्ण होतो.