सवलत मागावी की मागू नये?

"अब्बा, बाकीच्यांना तीन तास आणि मला चार. हा एक तास मी कुणाचा घ्यायचा?" मुलीने विचारले आणि आम्ही नवरा-बायको दोघेही गप्प झालो. जांभूळहून पहाटे निघायचे, बदलापूरला गाडी धरायची आणि मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात रांगेत उभे राहायचे. अशा तीन खेपा झाल्या होत्या. इतके करून मुलगी विचारते, हे हलाल आहे का? प्रश्न टाळण्यासारखा नव्हता.

ती विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय येतो, पण पेपर पुरा होत नाही. कॉलेजातल्या एका बाईंनी एडीएचडीची तपासणी करून घ्या, असे सुचवले. हा लक्ष न टिकण्याचा विकार. आमच्या समजुतीत अशी मुले घर डोक्यावर घेतात. ही तर लहानपणापासून खिडकीपाशी गप्प बसणारी. डॉक्टरांनी सांगितले, मुली अशाच गप्प बसून हरवतात, म्हणून उशिरा सापडतात.

या तपासणीत रक्त काढत नाहीत की फोटो काढत नाहीत. सगळे विचारण्यावर आणि कागदांवर चालते. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का? घरी आणि शाळेत, दोन्हीकडे दिसत होती का? शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणा, असे सांगण्यात आले. घरी येऊन हे सांगितले तेव्हा दादी म्हणाली, "पोरीला वेडी ठरवून आणणार का? उद्या निकाहाच्या वेळी कोण विचारील?" आणि पुढच्या खेपेला निघताना तिनेच नातीला जवळ घेऊन सांगितले, "मुद्दाम चुकू नकोस, पण फार चांगलंही वाचू नकोस." आम्ही हसलो. मुलगी हसली नाही. आयुष्यभर जे झाकायला शिकली ते आता उघडे करून दाखवायचे, आणि नीट दाखवता आले नाही तर कागद मिळायचा नाही. मेहनतीने कमतरता लपवणाऱ्याला ही तपासणी जड जाते. यात कुणाची लबाडी नाही, पण न्यायही पुरा नाही.

कायद्याचेही पाहिले. महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या शाळकरी मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. म्हणून आम्हाला सांगण्यात आले की वाचन-लेखनाचीही चाचणी द्या, त्यात काही निघाले तर वाट सोपी होईल. म्हणजे दुखणे एक आणि दरवाजा दुसऱ्याच्या नावाचा. वाचनाची चाचणी कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहेच. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने लहान मुलांसाठी 'डाली' नावाची चाचणी २०१५ मध्ये आणली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. त्या चारांत उर्दू नव्हती. आमची मुलगी मराठी शाळेतली, म्हणून आम्हाला त्याची झळ लागली नाही. भिवंडीच्या उर्दू शाळेतला मुलगा अडखळतो तो भाषेमुळे की दुखण्यामुळे, हे परक्या भाषेतल्या चाचणीने कसे ठरवायचे?

आता मुलीच्या प्रश्नाकडे. 'सवलत' हा शब्द आपल्याकडे अरबी 'सुहूलत'वरून आला, अर्थ सोपेपणा. आपल्या फिकहमध्ये याच्या जवळचा शब्द आहे, रुखसत. आजारी माणूस बसून नमाज पढतो, प्रवासी चार रकातींच्या दोन करतो, पाणी नसेल तर तयम्मुम चालते. बसून पढलेल्या नमाजला कुणी अर्धी नमाज म्हणत नाही. हे आम्ही मुलीला सांगितले. तिने लगेच खोडले. "ते अल्लाह आणि बंद्यामधलं झालं. तिथे दुसऱ्याचा नंबर मागे जात नाही."

बरोबर बोलली. रुखसतीत नियत माणसाची स्वतःची, तिथे कुणी प्रमाणपत्र मागत नाही. परीक्षेत शेजारच्या बाकावर दुसऱ्याचे मूल बसलेले असते, म्हणून पुरावा मागणे चूक नाही, असे आम्हालाही वाटते. पण परीक्षा मोजते काय? रसायनशास्त्र की लिहिण्याचा वेग? तीन तास ही काही आकाशातून आलेली संख्या नाही, कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेली आहे. त्या वेळात विषय मांडता येणाऱ्याला तीन तास पुरतात आणि हिला पुरत नाहीत, तर घड्याळ सारखे ठेवून आपण दोघांना सारखे मोजले असे होत नाही. उद्या प्रयोगशाळेत जास्तीचा तास कोण देणार, असेही कुणी विचारील. काही कामांत तो प्रश्न खरा आहे. आमच्याकडे त्याचे पुरे उत्तर नाही.

हक्क कागदावर असूनही हातातून कसा जातो, ते २०२१ मध्ये मुंबईत दिसले. लेखन-अक्षमतेचे चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र असलेल्या एका मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत एक तास जास्त मिळायला हवा होता. केंद्रावर तो नाकारला गेला, बाकीच्यांबरोबर तिचाही पेपर काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. परीक्षा पुन्हा घेता येणार नाही, पण झालेला अन्याय कसा भरून काढणार याचा विचार आठवडाभरात करा, असे न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावले. त्या मुलीने कुणाचा तास घेतला होता? तिचाच गेला होता. हे ऐकून आमची मुलगी जरा वेळ काही बोलली नाही.

परवा रात्री माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. दुसरीपासूनची प्रगतिपुस्तके निघाली. "लक्ष नाही." "हुशार आहे पण काम अर्धवट टाकते." "वह्या अपूर्ण." पाचवीच्या शेऱ्याखाली बाईंनी लाल रेघ मारली होती. त्या संध्याकाळी तिला जेवण दिले नव्हते, हे आम्हा दोघांनाही आठवले. कुणी बोलून दाखवले नाही. प्रत्येक शेऱ्याखाली पालकांची सही होती. कधी आईची, कधी बापाची.

मुलीने एकेक प्रगतिपुस्तक तारखेप्रमाणे लावले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि विचारले, "सगळ्यांच्या झेरॉक्स काढायच्या?"

आम्ही म्हटले, "सगळ्यांच्या."