पौलाचं विसरणं

क्रिस्प आणि गायस सोडले तर तुमच्यापैकी कोणाचाही बाप्तिस्मा मी केला नाही, असं पौल करिंथच्या मंडळीला ठासून लिहितो. लगेच त्याला स्तेफनाच्या घरची माणसं आठवतात. तीही तो जोडतो, आणि आणखी कोणी असेल तर ते आता आठवत नाही, अशी कबुली देतो. ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे पत्र ईश्वरप्रेरित शास्त्र आहे. मग हे विसरणं कोणाचं?

देवाने सांगितलं आणि माणसाने शब्दन् शब्द उतरवून घेतला, असं मानलं तर या ओळींचं काय करायचं ते कळत नाही. तरी त्या मताची ओढ जबर होती. बायबलमधल्या जुन्या हिब्रू लेखनात मुख्यतः व्यंजनंच असत. आपल्या काना-मात्रांसारखी स्वरचिन्हं कित्येक शतकांनी आली, हे हिब्रूचा अभ्यासक लुई कापेलने १६२४ मध्ये मांडलं. तरीही स्विस प्रोटेस्टंटांच्या १६७५ च्या धर्मपत्रकाने ती चिन्हं, निदान त्यांतला स्वर, ईश्वरप्रेरित ठरवला. याला हट्ट म्हणून सोडून देणं अन्यायाचं होईल. स्वर बदलला की अर्थ बदलतो, आणि रोमचा अधिकार नाकारलेल्या त्या माणसांना ग्रंथाखेरीज आधार उरला नव्हता.

पुढे प्रिन्स्टनचा धर्मशास्त्री वॉरफिल्डने श्रुतलेखनाची कल्पना टाकली, पण शब्दांची अचूकता सोडली नाही. इव्हँजेलिकल विद्वानांचं १९७८ चं शिकागो निवेदनही लेखकांचे स्वभाव आणि शैली मान्य करतं. मात्र इतिहास-विज्ञानाच्या बाबतीतही चूक नाही म्हणतं, आणि ही हमी काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरती देतं. ती आज कोणाकडेच नाहीत. कॅथलिक धर्मपरिषदेने १९६५ मध्ये लेखकांना खरेखुरे लेखक म्हटलं आणि शास्त्राची सत्यता आपल्या तारणाशी जोडली. मला हे जवळचं वाटतं. पौलाची स्मृती पुसून टाकणारा देव मला पौलाच्याच पत्रांत भेटत नाही.

पण खरी कसोटी विसरण्याची नाही. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अमालेकींची तान्ही मुलंही मारावीत अशी आज्ञा परमेश्वराच्या नावाने येते. ती देवाचीच आज्ञा होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिथे मला त्या काळच्या माणसाची देवाविषयीची समज दिसते. कशावरून, असं शिकागोवाले विचारतील, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. लेकरांना जवळ घेणाऱ्या येशूवरून, हे माझं उत्तर. ते निर्धोक नाही. ख्रिस्त कुठे दिसतो याच निकषाने ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला खालची जागा दिली, आणि शेतमजुरांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरडते आहे, असं श्रीमंतांना बजावणारं पत्र तेच आहे.