परत लाभलेली अमानत

आत्महत्या हराम आहे, हे आपल्या घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. जीव ही अल्लाहची अमानत आहे. परंतु विष घेतलेला भाऊ, सून किंवा पिता मृत्यूच्या दारातून परत घरी आला, तर हे ज्ञान त्याला फटकारण्यासाठी वापरावे की सावरण्यासाठी?

वाचकहो, हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. एकदा असा प्रयत्न केलेल्या माणसाकडून तो पुन्हा होण्याचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो, आणि इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे व महिने सर्वांत नाजूक असतात. डॉक्टर विष उतरवतात. पण उपचार न झालेले नैराश्य, दारू, कलह, कर्ज, एकाकीपणा जागच्या जागी असतात. त्यात ‘घराण्याला काळिमा फासलास’ असे टोमणे आपणच भर घालतो.

सूरह निसाच्या २९ व्या आयतीत स्वतःचा जीव घेण्याची मनाई आहे, आणि लगेच अल्लाहच्या दयेचा उल्लेख आहे. मनाईच दयेतून आलेली असेल, तर ती सांगणारी जीभ कठोर कशी असावी? सहीह मुस्लिममधील हदीस पाहा. तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्या सोबत हिजरत केलेल्या एका माणसाने आजाराच्या वेदना असह्य होऊन स्वतःच्या हातांना इजा केली व तो मरण पावला. ही हकिकत कळल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली. कृत्य चूकच ठरले. दुआ मात्र थांबली नाही.

दुआबरोबर उपायही हवा. कीटकनाशके व जास्तीची औषधे घरातून हलवा. मरणाची ऊर्मी बहुधा थोड्या वेळाची असते. साधन हाताशी नसेल तर ती ओसरते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर, १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. ‘पुन्हा तसे विचार येतात का?’ असे मायेने विचारा. विचारल्याने ते रुजत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. आपल्या देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही अशा व्यक्तीला तीव्र तणावग्रस्त मानतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपवतो. मग घराने न्यायाधीश का व्हावे?

एक जीव वाचवणे म्हणजे समस्त मानवजातीला वाचवणे, अशी सूरह माइदाची शिकवण आहे. तो एक जीव कदाचित आपल्याच घरात, शेजारच्या खोलीत, मान खाली घालून बसला असेल. अल्लाहने ती अमानत परत दिली आहे; आता ती आपल्याही हाती आहे.