भिंतीलाही दाखल क्रमांक हवा

तालुक्याच्या गावातलं कुठलंही जुनं वाचनालय घ्या. देवघेव विभागाच्या वर, छताला टेकलेली तैलचित्रांची रांग असते. संस्थापक, मोठे देणगीदार, दोन-तीन माजी अध्यक्ष आणि मध्यभागी लोकमान्य. त्याखाली महापुरुषांच्या छापील तसबिरी, जयंती-पुण्यतिथीला हार घालण्यापुरत्या. या भिंतींवर गावातल्या हयात माणसाच्या हातचं काही सापडणं कठीण. गावात गणपतीचा मूर्तिकार असतो, रांगोळीतून हुबेहूब चेहरा उठवणाऱ्या मुली असतात, ट्रकवर मोर काढणारा पेंटर असतो, निवृत्त झालेले ड्रॉइंगचे मास्तर असतात. यांतले काही वाचनालयाचे वर्गणीदारही असतील. पण त्यांची कला चपलांबरोबर दाराबाहेरच राहते.

याचं वाईट वाटावं असं काय आहे? वाचनालय पुस्तकांसाठी आहे, चित्रांसाठी नाही, असं कार्यवाह म्हणतील. पण कपाटातली ‘ययाति’ किंवा ‘मृत्युंजय’ शेजारच्या गावातही मिळते. महाराष्ट्रात अकरा हजारांच्या घरात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची कपाटं एकमेकांसारखीच भरलेली आहेत. गावातल्या माणसाने काढलेलं चित्र मात्र जगात एकच असतं. जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही ते सांभाळायचं काम वाचनालयाने करायचं नाही, तर कुणी करायचं?

भिंती रंगवण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग सातारा जिल्ह्यातल्या भिलारचा. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेल्या कल्पनेतून राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी या स्ट्रॉबेरीच्या गावाला ‘पुस्तकांचं गाव’ केलं. हे-ऑन-वाय जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. भिलारमध्ये विक्री नाही, लोकांच्या राहत्या घरांत बसून फुकट वाचायचं. सुरुवातीला पंचवीस ठिकाणं ठरली. एका घरी संतसाहित्य, दुसऱ्या घरी बालसाहित्य, आणखी कुठे चरित्रं, कुठे दिवाळी अंक. सुमारे ७५ चित्रकारांनी येऊन या जागा आतल्या साहित्यप्रकाराला शोभेल अशा रंगवल्या. पाटी न वाचताही आत काय असेल याचा अंदाज यावा, ही कल्पना सुरेख होती. एखाद्याच्या ओसरीला वाचनालयाचा मान मिळाला, तो निम्मा पुस्तकांनी आणि निम्मा रंगांनी.

तरीही भिलारसारख्या प्रत्येक उपक्रमाला एक प्रश्न विचारायलाच हवा. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातला पाऊस बाहेरच्या भिंतीवर फार दया दाखवत नाही. बाहेरून आलेले चित्रकार उत्साहाने रंगवून जातात. पोपडे धरले की ब्रश कोण उचलणार? अशा कामाचं खरं मोल उद्घाटनाच्या दिवशी कळत नाही, चौथ्या-पाचव्या पावसाळ्यानंतर कळतं. डागडुजीला हाक मारता येईल इतक्या जवळ कलाकार राहत असेल, तर ती कला गावची झाली.

टिकाऊपणा हाच निकष लावला, तर पणजीने केव्हाच बाजी मारली आहे. गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं. ते अनेक वर्षं ज्या इमारतीत होतं, त्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी निळ्या-पिवळ्या चकचकीत फरशांवरची मोठी चित्रमालिका आहे. ती जॉर्ज कुलासो या पोर्तुगीज कलावंताची, १९३५ सालची. विषय कामोंइशच्या ‘ऊश लुझीआदश’ या महाकाव्याचा, म्हणजे वास्को द गामाच्या सफरीचा. फरशा अजून लखलखीत आहेत आणि कारागिरी उत्तम आहे. पण भिंत गोव्याची आणि गाथा राज्यकर्त्यांची, असा तो मामला. तेच ग्रंथालय आज पाटोच्या नव्या इमारतीत आहे आणि सोळाव्या शतकात कृष्णकथा लिहिणाऱ्या कृष्णदास शामा या गोमंतकीयाचं नाव मिरवतं. पाटी बदलायला सरकारी आदेश पुरतो. भिंतीवर कुणाची गोष्ट दिसावी, हे मात्र रोज दार उघडणाऱ्यांनीच ठरवावं लागतं.

ते न ठरवल्यामुळेच सध्या सगळीकडे वारली दिसते. बस स्थानक, उड्डाणपूल, हॉटेल आणि वाचनालय, सर्वत्र गेरूच्या रंगावर तारपा नृत्याचं तेच वेटोळं. या चित्रांचं मूळ म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचा लग्नचौक, तो सवासिनी लिहितात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीने, मधोमध पालघट देवी. लग्नापुरता तो असतो, पुढच्या लग्नाला पुन्हा लिहिला जातो. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन डहाणूकडे गेले, तिथल्या जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचा हात जगाला दिसला, पुढे त्यांना पद्मश्रीही मिळाली. हे सगळं चांगलंच झालं. पण सोलापूरच्या वाचनालयात ठेकेदाराने स्टेन्सिलने उमटवलेली वारली ना डहाणूची असते, ना सोलापूरची. लोककलेचा शिक्का बसतो आणि लोक बाजूलाच राहतात.

याच्या अगदी उलट टोकाला पिंगुळी आहे. कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे सुट्या चित्रांची पोथी. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान ताठ राहतं. कथेकरी वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीने रामायण-महाभारतातलं आख्यान लावतो आणि प्रसंग सरकला की एक पान बाजूला ठेवून पुढचं उभं करतो. चित्र थांबलं की गाणं थांबतं आणि गाण्याशिवाय चित्र मुकं. इथल्याच परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभारून हे जपलं आणि २०२१ साली त्यांच्या वाट्याला पद्मश्री आली. हे साहित्य पोथीच्या रूपात आहे, त्याला पानं आहेत, कथा आहे, वाचणारा आहे. तरी ते जपायला गोठा रिकामा करावा लागला, यावर ग्रंथालय चळवळीने विचार करायला हवा.

मग करायचं काय? वाचनालयाकडे त्याची रीत तयारच आहे. पुस्तक आलं की दाखल नोंद वहीत ओळ पडते: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, पानं, किंमत, शेरा. हीच ओळ चित्रालाही द्या. कलाकाराचं नाव, माध्यम, आकार, रंग कशाचे, मानधन किती दिलं. शेऱ्याच्या रकान्यात ओल, वाळवी, केलेली दुरुस्ती. एवढं केलं की सजावटीचा संग्रह होतो आणि नव्या समितीला तो एका चुन्याच्या हाताखाली गाडता येत नाही. पुढची पायरी देवघेवीची. जर्मनीतल्या कित्येक शहरांत ‘आर्टोथेक’ असतात. तिथून मूळ चित्र पुस्तकासारखं काही काळ घरी नेता येतं. अनामत घेऊन पुस्तक देणाऱ्या आपल्या वाचनालयांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही.

अडचणी खऱ्या आहेत. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान ग्रंथपालाच्या पगारालाही पुरत नाही. शिवाय भिंत कुणाला द्यायची यावरून भाऊबंदकी होईल, अमुक चित्राने भावना दुखावल्या म्हणून मोर्चा येईल. पण पुस्तकखरेदीवरूनही वाद होतात, म्हणून खरेदी कुणी थांबवली नाही. ग्रंथनिवड समिती नेमली. चित्रांनाही तशी समिती नेमता येते, वर्षाला दोन कामं घेता येतात. फक्त ती फुकट घेऊ नयेत. ‘तुमचं नाव होईल’ या मानधनावर गावोगावच्या कलावंतांनी पुरेशी वर्षं काढली आहेत.

सुरुवात वार्षिक सर्वसाधारण सभेपासून होऊ शकते. अहवालात पुस्तकसंख्या आणि सभासदसंख्या छापतात. त्याखाली आणखी एक ओळ छापावी: यंदा गावातल्या किती कलाकारांचं काम घेतलं आणि त्यांना किती रक्कम दिली. पहिल्या वर्षी तिथे शून्य असेल. ते छापलेलं शून्य पाहून एखादा वर्गणीदार उभा राहून प्रश्न विचारेल आणि कार्यवाहांना उत्तर द्यावं लागेल.