येणे की कृपा?

दत्तजयंतीच्या अंकात बायबल कशाला, असे कुणी म्हणेल. पण ३६ वर्षे बँकेत जमा-नावे लिहिली, म्हणून संत पौलाच्या रोमकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायापाशी मी थबकलो. पौल तिथे चक्क हिशेबाची भाषा बोलतो. काम करणाऱ्याच्या नावे जी मजुरी जमा होते ती त्याचे येणे. तिला कृपा म्हणत नाहीत.

हा पौल मूळचा परूशी, मोशेचे नियमशास्त्र कडक पाळणारा. त्याच निष्ठेपोटी तो ख्रिस्ताच्या अनुयायांना छळायचा. दमास्कसच्या वाटेवर ख्रिस्ताचे दर्शन झाले तेव्हाही निघाला होता त्यांना धरायलाच! खाते सगळे नावे बाजूला, तरी कृपा झाली. म्हणून पुढे गलतीयातल्या यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना सुंता करायला लावू लागले, तेव्हा तो कडाडला. अट घातल्यावर ती कृपा कसली?

मग नियम कशाला? तो पवित्रच, पण पाप दाखवून देतो, एवढेच. खातेउतारा बाकी दाखवतो, फेडत थोडाच? आणि कृपा आहे म्हणून खुशाल पाप करावे काय, हा प्रश्न पौलानेच विचारून धुडकावला आहे. याकोबाचे पत्र तर कृतीवाचूनचा विश्वास मेलेला मानते. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये त्या पत्राला गवताचे ठरवले, ते मला जरा अतीच वाटते.

मुलगा आजारी होता तेव्हा मी सोवळ्याने गुरुचरित्राचा सप्ताह केला. तो बरा झाला. आईसाठीही तसाच केला; ती गेली. महाराजांवर वर्षभर रुसलो होतो. पौल वाचताना वाटले, अरे, आपण येणे वसूल करायला बसलो होतो की! यंदाही पारायणाला बसणार आहे. संकल्प काय सोडायचा, ते मात्र अजून ठरत नाही.